ब्रिस्टॉल हॉटेल, वॉर्सा
१. वॉर्साच्या जुन्या राजमार्गावर, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाशेजारी असलेले हे हॉटेल १९०१ मध्ये सुरू झाले. लेखिकेने इथल्या उबदार खोलीचे आणि निवांत झोपेचे मनापासून कौतुक केले आहे. इमारतीचा इतिहास मात्र मूळ मजकुरात नाही, आणि तो वाचकाला कळायलाच हवा. हॉटेल उभारणाऱ्या भागीदारांत थोर पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की होते. जानेवारी १९१९ मध्ये तेच पोलंडचे पंतप्रधान झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांनी इमारत ताब्यात घेतली. १९४४ चा उठाव चिरडल्यावर जर्मन सैन्याने उरलेसुरले शहर ठरवून, एकेक घर जाळत आणि सुरुंगाने उडवत नष्ट केले. त्या विध्वंसातून ब्रिस्टॉल जवळजवळ शाबूत राहिले. पुढच्या परिच्छेदात लेखिका ज्या गल्ल्यांतून हिंडते, ते ‘जुने शहर’ मात्र युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहे. त्या कामी अठराव्या शतकातील इटालियन चित्रकार बेर्नार्दो बेल्लोत्तो याने रंगवलेली शहरदृश्येही उपयोगी पडली. केवढी ही जिद्द! १९८० मध्ये युनेस्कोने या भागाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ब्रिस्टॉल १९८१ मध्ये बंद पडले होते. दुरुस्तीनंतर १९९३ मध्ये ते पुन्हा उघडले. — संपा.