टोळी वाढते तेव्हा

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना मी पेंढाऱ्यांची आणि बंडखोरांची गोष्ट काढतो आहे, याचा वाचकांनी राग मानू नये. मी राहतो मेडशीला. अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूर मागे टाकून घाट चढतो आणि रानातून आमच्या गावी येतो. अशा वाटेवरच्या गावांत लुटारूंच्या गोष्टींना कधी तोटा नसतो. त्या ऐकता ऐकता माझ्या मनात एक निराळाच प्रश्न घर करून बसला. दहा-वीस माणसांची टोळी महिनोन् महिने कुणाच्या हाती लागत नाही; तीच शेकड्यांची, हजारांची झाली म्हणजे मोडते. असे का व्हावे?

पेंढाऱ्यांचेच पाहा ना. त्यांना ना पगार, ना छावणी. मराठी सरदारांच्या फौजांमागून जावे आणि लुटीवर जगावे, हा त्यांचा धंदा. तोफा नाहीत, तंबू नाहीत. त्यांचे सारे बळ घोड्याच्या पायांत. १८१६ साली त्यांनी थेट पूर्व किनाऱ्यावरच्या गुंटूरपर्यंत मजल मारली. पुढे त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. पण वीस हजारांना एक धनी काही मिळाला नाही. चितू आणि करीमखान यांचे आपसांतच वैर. १८१७ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने लाखावर फौज घेऊन चहूबाजूंनी फास आवळला, तेव्हा जो तो आपापल्या वाटेने पळाला. करीमखान १८१८ मध्ये शरण गेला आणि गोरखपुराकडे मिळालेल्या जमिनीवर जाऊन राहिला. चितूला १८१९ मध्ये अशीरगडाजवळच्या रानात वाघाने मारले. ज्याच्या नुसत्या नावाने गावे ओस पडत, त्याचा हा शेवट!

उमाजी नाईकाची तऱ्हा याच्या अगदी उलट. रामोशी म्हणजे गावचे राखणदार आणि गडांचे पहारेकरी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्यांची वतने व हक्क यांवर गदा आली. त्या रागातून पुरंदरच्या डोंगरात उमाजी उभा राहिला. त्याची माणसे नात्यागोत्याची, वाटा पायाखालच्या. सरकारला तो इतका अवघड गेला, की मध्यंतरी त्याच्याशी तडजोड करून त्यालाच बंदोबस्ताच्या कामावर घ्यावे लागले. परंतु त्याने पुन्हा शस्त्र उचलले आणि इंग्रजांना सारा देऊ नका असे जाहीर केले, तेव्हा तो नुसता टोळीचा नाईक राहिला नाही, राज्याचा दावेदार झाला. मग मोठे बक्षीस लागले आणि त्याच्याच एकेकाळच्या साथीदारांनी १८३१ च्या डिसेंबरात त्याला धरून दिले. १८३२ मध्ये पुण्यात तो फासावर गेला.

या दोहोंपेक्षा मला अधिक चटका लावते ती वासुदेव बळवंत फडक्यांची कथा. पेंढाऱ्यांजवळ हेतू नव्हता. फडक्यांजवळ तो ओसंडून वाहत होता. शिरढोणचा हा १८४५ साली जन्मलेला ब्राह्मण पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होता. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याने माणसे अन्नावाचून मरताना पाहिली. पैसेवाल्यांकडे आणि शिकल्यासवरल्यांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा त्याने रामोशांना हाताशी धरले. बेत लहान नव्हता. ठिकठिकाणी टोळ्या पाठवाव्या, टपाल आणि तारा तोडाव्या, तुरुंग फोडावे, म्हणजे सरकार गोंधळून जाईल आणि लोक उठतील, असा त्याचा हिशेब.

परंतु सैन्य उभारायला पैसा हवा आणि पैशासाठी दरोडा घालायला आधी सैन्य हवे! १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूरकडील धामारीवर पहिला छापा पडला. हाती आले सुमारे चारशे रुपये. फडक्यांच्या दृष्टीने ते उद्याच्या फौजेचे बीजभांडवल. रामोशांच्या दृष्टीने आजचा वाटा. या लोकांचे लक्ष लुटीकडे आहे, अशी तक्रार फडक्यांनी आपल्या आत्मकथनात केली आहे. मला मात्र दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. घरी पोरेबाळे उपाशी असताना स्वराज्य येईपर्यंत थांबा असे बापाला कोणत्या तोंडाने सांगावे? आणि वाटा करून टाकला, तर उद्याची बंदूक कुठून आणावी?

त्यातून दौलतराव नाईकासारखा मोहरा मिळाला. मे महिन्यात त्याने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली लुटली. लूट दीड लाखाच्या घरातली! पण लुटीचे ओझे घेऊन घाट चढणारी टोळी वाऱ्यासारखी कशी पळणार? मेजर डॅनियलने तिला गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडला. एक माणूस गेला, आणि फडके व रामोशी यांना जोडणारा पूलच कोसळला. फडके श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे गेले, पुढे निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवू लागले. आता शिपाई भाड्याचे. रोख पैसा हाच त्यांचा धर्म, आणि तो तर हाती नाही. २० जुलै १८७९ च्या सुमारास देवर नावदगी येथे देवळात झोपलेले फडके पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. शिक्षा झाली जन्मठेपेची. एडनच्या तुरुंगातून ते १८८० मध्ये दाराच्या बिजागऱ्या उखडून निसटले, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

लहान टोळी ओळखीवर जगते. मोठीला भाकरी लागते, हिशेब लागतो आणि धन्याच्या मागे दुसरा धनी लागतो. हे तिन्ही उभे करायला वर्षे लागतात. फडक्यांना पाच महिने मिळाले. म्हणून त्यांच्या अपयशाचे माप केवळ त्यांच्या पदरात घालणे मला न्यायाचे वाटत नाही. ज्यांच्या दारावरून ते रिकाम्या हातांनी परतले, त्या सुखवस्तू घरांचाही त्यात वाटा आहे. आज ज्यांच्या घरी दिवे लागले आहेत, त्या आपण सर्वांनी एवढे ध्यानात ठेवावे.