खासगीपणाचा हक्क : निकालाकडून कायद्याकडे

भारतीय राज्यघटनेत ‘खासगीपणाचा हक्क’ हे शब्द कोठेही आढळत नाहीत. तरीही आज तो मूलभूत हक्क आहे, तो सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिलेल्या निकालामुळे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला आव्हान दिले होते. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे, असा युक्तिवाद त्या खटल्यात २०१५ मध्ये केंद्र सरकारतर्फे करण्यात आला आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

सरकारची भिस्त १९५४ आणि १९६२ च्या दोन निकालांवर होती. त्यातला दुसरा खरकसिंग यांचा. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या गृहस्थांवर उत्तर प्रदेश पोलिसांची पाळत असे. रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरात आहेत की नाहीत, याची खातरजमा केली जाई. रात्रीच्या या फेऱ्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, मात्र खासगीपणाचा हक्क मान्य केला नाही. तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग आहे, असे न्या. के. सुब्बा राव यांनी वेगळ्या निकालपत्रात नोंदवले होते. त्या मताला मान्यता मिळण्यास जवळजवळ ५५ वर्षे लागली.

२०१७ च्या निकालाने हा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. त्यावर मर्यादा घालायची तर सरकारपाशी कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट रास्त हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. आणीबाणीतील १९७६ चा एडीएम जबलपूर निकालही याच वेळी मोडीत निघाला. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. १९७६ च्या त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते, हा योगायोग विलक्षणच. पुढे २०१८ मध्ये आधार योजना वैध ठरली, पण बँक खाते व मोबाइल जोडणीची सक्ती रद्द झाली.

हा हक्क व्यवहारात आणण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. सोसायटीच्या दारावरील वहीत लिहिलेले नाव या कायद्याच्या बाहेर राहते. तेच नाव अ‍ॅपमध्ये नोंदवले की कायदा लागू होतो. माहिती कशासाठी हवी, हे संमती घेताना सांगावे लागेल आणि ते मराठीसह आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा द्यावी लागेल. दिलेली संमती मागे घेता येईल. आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे हे विचारणे, ती दुरुस्त करून वा पुसून घेणे, हेही हक्क त्यात आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो सरकारी तिजोरीत जमा होईल, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाईची तरतूद या कायद्यात नाही. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळता येते. पाळतीच्या प्रश्नातून जन्मलेल्या हक्काच्या बाबतीत ही सवलत फारच सैल म्हणावी लागेल.

नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. नागरिकांच्या हक्कांची कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात आणण्याचे ठरले. माहिती अधिकार कायद्यातील बदल मात्र तत्काळ लागू झाला. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होणार असेल, तरच ती नाकारता येईल, असे त्या कायद्याचे कलम ८(१)(जे) पूर्वी सांगत असे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरेसे आहे. अधिकाऱ्याच्या मालमत्तेची वा लाभार्थ्यांच्या यादीची माहिती मागणाऱ्या अर्जदाराकडे त्यामुळे कलम ८(२) उरते. खासगीपणाला पोहोचणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते कलम म्हणते. मात्र हे हित मोठे की नाही, हे प्रथम ठरवतो तो त्याच कार्यालयातील माहिती अधिकारी.