पहिल्या विमान टपालाचे पाकीट

शाळेत असताना तिकिटे जमवण्याचा छंद आम्हालाही होता. आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पत्रांचा एक गठ्ठा होता. एका मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तो बाहेर काढला, पाकिटांचे कोपरे कापले, घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिकिटे सोडवली आणि वर्तमानपत्रावर वाळत घातली. उरलेली पाकिटे बंबात गेली. आजोबा काही वर्षे कराचीला नोकरीस होते. ते मुंबईला नेमके कधी परतले, असा प्रश्न पुढे घरात निघाला तेव्हा ते हयात नव्हते. पत्रे होती, पण त्यांवर नुसती तिथी आणि वार. साल होते ते पाकिटावरच्या शिक्क्यात, आणि पाकिटे आम्हीच जाळली होती.

तिकीट आणि पाकीट यांत पुरावा म्हणून किती फरक असतो हे पाहायचे, तर जगातल्या पहिल्या अधिकृत विमान टपालाचे उदाहरण घेऊ. ते आपल्याच देशात घडले.

१९११ च्या प्रारंभी अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, संयुक्त प्रांताचे मोठे औद्योगिक व शेतकी प्रदर्शन भरले होते. तेथे उड्डाणे करून दाखवण्यासाठी कॅप्टन वॉल्टर विंडहॅम यांनी विमाने आणि वैमानिक आणले होते. त्याच सुमारास पाद्री हॉलंड यांना विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या इमारतीसाठी निधी हवा होता. विंडहॅम यांनी तोडगा सुचवला : विमानातून पत्रे न्यावीत आणि त्यासाठी जादा आकार घ्यावा. टपाल खात्याने परवानगी दिली. १८ फेब्रुवारी रोजी आंरी पेके या २३ वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन उड्डाण केले, यमुना ओलांडली आणि तेरा-एक मिनिटांत आठ-दहा किलोमीटरवरच्या नैनी येथे पत्रांच्या थैल्या पोहोचवल्या. तेथून पुढे ती पत्रे नेहमीच्या टपालाने गेली.

जादा आकार होता पत्रामागे सहा आणे. साध्या पत्राला त्या काळी अर्धा आणा पडे. म्हणजे या तेरा मिनिटांसाठी लोकांनी नेहमीच्या टपालखर्चाच्या बारापट रक्कम वर दिली.

आता त्या पाकिटाकडे पाहू. त्यावर विमान टपालाचे खास तिकीट नाही, कारण तसले तिकीट तेव्हा छापलेच गेले नव्हते. आहे ते नेहमीचे, सातव्या एडवर्डचे चित्र असलेले. हा राजा मे १९१० मध्येच वारला होता. पण पाचव्या जॉर्जची तिकिटे भारतात निघाली ती डिसेंबर १९११ मध्ये. तिकिटावरून कळते ते एवढेच. ते पाण्यात टाकून सोडवले, तर हाती लागतो एक सामान्य कागदाचा तुकडा. विमानाची हकिकत सांगतो तो किरमिजी शाईचा मोठा शिक्का. त्यात डोंगरांवरून उडणारे विमान आहे आणि भोवती ‘पहिले हवाई टपाल’ व प्रदर्शनाचे नाव अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. पाकिटाच्या मागे पोहोचल्याचा शिक्का असेल, तर पत्र कोणत्या गावी केव्हा पोहोचले तेही कळते. पाकीट जे सांगत नाही तेही ध्यानात घ्यावे : सहा आण्यांचा त्यावर मागमूस नाही, कारण ती रक्कम वसतिगृहाकडे गेली. एकच साधन सगळे सांगत नाही, म्हणून इतिहासकार एका साधनाला दुसऱ्याची जोड देतो.

विमान टपालाची खास तिकिटे भारतात निघाली ती ऑक्टोबर १९२९ मध्ये. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची ही सहा तिकिटे आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापली गेली. त्यांवर राजाच्या चित्राबरोबर डी हॅव्हिलँड हर्क्युलिस जातीचे विमान आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्या दिवशीच्या टपालातले पाकीटही मोलाचे ठरते ते तारीख, ठिकाण आणि मार्ग या तिन्ही गोष्टी एकत्र टिकल्यामुळे.

जेथे मोल आहे तेथे बनावट मालही आला. येथे विज्ञान उपयोगी पडते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायने घालण्याची पद्धत साधारण १९५० नंतर रूढ झाली. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर-पांढरा झळाळतो. १९११ चे म्हणून दाखवलेले पाकीट तसे झळाळले, तर दावा बहुधा खोटा. पण ते झळाळले नाही म्हणून दावा खरा ठरत नाही. खोटा शिक्का जुन्या कोऱ्या पाकिटावरही मारता येतो. एखादी चाचणी दावा मोडू शकते पण सिद्ध करू शकत नाही, ही गोष्ट वर्गात सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

हा प्रयोग शाळेत करता येईल. मुलांना घरातली जुनी पाकिटे, पोस्टकार्डे, आंतर्देशीय पत्रे घेऊन यायला सांगावे. पाठवल्याची तारीख आणि पोहोचल्याची तारीख वाचून किती दिवस लागले ते काढावे, नकाशावर अंतर मोजावे, तक्ता करावा. वेगवेगळ्या दशकांतील टपालाच्या वेगाची तुलना मुले स्वतः करतील. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली नवा कागद आणि जुना कागद शेजारी ठेवून पाहावा. मात्र दिव्याकडे थेट बघू देऊ नये. दुर्मीळ पाकीट कोणाच्याच घरी निघाले नाही तरी बिघडत नाही.

काम झाल्यावर पाकिटे जशीच्या तशी परत करावीत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी ठेवावीत. आणि तिकीट काढायला हात शिवशिवणाऱ्या मुलाला आमच्या आजोबांच्या ट्रंकेची गोष्ट जरूर सांगावी. ते कराचीहून कधी आले, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.