शोकांतिकेचा प्रेक्षक



वसंत ऋतूत गावाने संध्याकाळी एकत्र बसावे आणि चार गोष्टी ऐकाव्यात, ही चाल फार जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स शहरात वसंताच्या प्रारंभी डायोनिसस देवाचा उत्सव भरत असे आणि त्यात दिवसच्या दिवस नाटके होत. ज्या महिन्यात हा उत्सव येई त्याचे नाव एलाफेबोलिऑन, म्हणजे हरिणांच्या शिकारीचा महिना. हे नाव पडले ते आर्टेमिस या शिकारीच्या देवतेवरून. आजच्या आमच्या विषयातही एक मारलेले हरिण आहे, म्हणून हा योगायोग आधीच सांगून टाकतो.

आम्ही कामगार चळवळीतले. कॉलेजची पायरी चढलो नाही, ग्रीक भाषा आम्हांला येत नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, भाषांतरांतून वाचले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. आमचे लक्ष आहे ते नाटकासमोर बसलेल्या माणसांकडे.

या विचाराला निमित्त झाला एक चित्रपट. योर्गोस लँथिमोस या अथेन्समध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाचा 'द किलिंग ऑफ अ सेक्रेड डिअर', म्हणजे 'पवित्र हरिणाची हत्या', हा चित्रपट २०१७ साली फ्रान्समधील कॅन महोत्सवात दाखविला गेला. तेथे त्याला टाळ्याही मिळाल्या आणि हुर्योही. उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक त्याला दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर विभागून मिळाले. पुढे जगभर हेच झाले. कोणी त्याला श्रेष्ठ म्हटले, कोणी अर्ध्यावर उठून गेले, आणि भयंकर प्रसंगी कित्येकांना हसू आवरेना.

कथा थोडक्यात अशी. एक नामांकित हृदयशल्यविशारद मद्य घेऊन शस्त्रक्रियेस उभा राहतो आणि रोगी दगावतो. दोष आपला नाही, भूल देणाराचा आहे, असे तो सांगतो; भूल देणारा दोष त्याच्या माथी मारतो. मृताचा कोवळा मुलगा डॉक्टरच्या घरी येऊ-जाऊ लागतो आणि एके दिवशी शांतपणे बजावतो : तुमच्या घरातले एक माणूस तुम्ही स्वतःच्या हाताने मारा, नाही तर तिघेही जातील. आधी पाय लुळे पडतील, मग अन्न जाणार नाही, मग डोळ्यांतून रक्त येईल, मग मरण. आणि तसे घडू लागते. का घडते, कसे घडते, याचा उलगडा चित्रपट करीत नाही. पात्रे सारी हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात तशा सपाट स्वरात बोलतात.

याचे मूळ युरिपिडीसच्या 'औलिस येथील इफिजेनिया' या नाटकात आहे. ट्रॉयच्या स्वारीसाठी ग्रीकांचे आरमार औलिसच्या बंदरात जमले, पण वारा पडला. पुराणकथा सांगते की, सेनापती आगामेम्नॉनने आर्टेमिसच्या राईतले हरिण मारले आणि वर बढाई मारली, म्हणून देवता कोपली. तिने मोबदला मागितला तो त्याच्या मुलीचा. अकिलीसशी लग्न ठरले आहे असे खोटेच कळवून मुलीला छावणीत आणविले गेले.

युरिपिडीस इसवी सनापूर्वी ४०६च्या सुमारास वारला. हे नाटक त्याच्या मागे रंगमंचावर आले आणि पहिल्या पारितोषिकाचे मानकरी झाले. ते पाहणारे कोण होते? इसवी सनापूर्वी ४३१ पासून स्पार्टाशी युद्ध करून थकलेले नागरिक, ज्यांचे शहर ४०४ साली शरण जाणार होते. घराघरांतून मुलगे गेलेले होते. सेनापतीच्या महत्त्वाकांक्षेपायी लेकरू वेदीवर चढते, हे त्या लोकांना दूरच्या काळातले वाटले असेल काय?

त्या नाट्यगृहातला प्रेक्षक मुका नव्हता. नापसंत प्रयोगाला तो आरडाओरड करी, बसल्या जागी टाचा आपटी. पुढे चौथ्या शतकात गरिबाच्या प्रवेशाचे पैसेही सरकारी निधीतून मिळत. कारण नाटक पाहणे हा नागरिकाचा हक्क समजला जाई. या प्रेक्षकाच्या दोन कथा आम्ही सांगतो.

पहिली हिरोडोटसने लिहिली आहे. इसवी सनापूर्वी ४९४ साली इराण्यांनी मिलेटस शहर उद्ध्वस्त केले. तेथील ग्रीकांच्या बंडाला अथेन्सने आधी वीस जहाजे पाठविली होती, मग अंग काढून घेतले होते. फ्रिनिकस नावाच्या कवीने लौकरच 'मिलेटसचा पाडाव' हे नाटक रंगभूमीवर आणले. सारे नाट्यगृह रडले. आणि डोळे पुसल्यावर अथेन्सकरांनी काय केले? आपल्याच दुःखाची आठवण दिली म्हणून कवीला एक हजार द्राख्मा दंड ठोठावला आणि ते नाटक कोणी पुन्हा करू नये असा हुकूम काढला. दंड किती मोठा, तर त्याच शतकाच्या अखेरीस एरेक्थेइऑन मंदिराच्या कामावर कारागिराची दिवसाची मजुरी होती एक द्राख्मा.

दुसरी प्लुटार्कने सांगितलेली. चौथ्या शतकात फेराय येथे अलेक्झांडर नावाचा क्रूर जुलूमशहा होता. युरिपिडीसचे 'ट्रॉयच्या स्त्रिया' चालू असता तो एकाएकी उठून गेला. नंतर त्याने नटाला निरोप धाडला की, तुझे काम वाईट म्हणून मी उठलो नाही. ज्याने स्वतः मारलेल्या एकाचीही कीव केली नाही, तो हेक्युबाच्या दुःखाने रडतो, हे लोकांनी पाहू नये म्हणून उठलो.

कवीला दंड करणारे शहर आणि नाट्यगृहातून पळणारा जुलमी, दोघांनाही नाटक समजले होते. अर्थात उठून जाणारा प्रत्येक प्रेक्षक अपराधी असतो असे आमचे म्हणणे नाही. कंटाळून उठण्याचाही हक्क आहेच. पण अस्वस्थता कोठून येते हे तपासून पाहावे.

आम्ही हा चित्रपट आठ-दहा कामगार मित्रांबरोबर पाहिला. बापाचा निर्णय लांबतो तशी घरातली माणसे बदलतात. मुलगा बापाच्या मनासारखे केस कापून घेतो. मुलगी आर्जवे करते. आई म्हणते, आपल्याला आणखी मूल होऊ शकेल. बाप शाळेत जाऊन मास्तरांना विचारतो, दोघांत सरस कोण? येथे काही मित्र हसले. आम्हांला हसू आले नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात माणसे कमी करावयाची होती. मालक म्हणाले, यादी तुम्हीच द्या, आम्ही सही करू. आठ दिवस आमच्या दारात माणसे येत होती. कोणी मुलीचे लग्न सांगे, कोणी म्हाताऱ्या आईचे औषध, आणि कोणी शेजारच्या मशीनवरल्या मित्राच्या दांड्या मोजून दाखवी. शेवटी आम्ही कायद्यातल्या नियमावर बोट ठेवले : जो शेवटी आला तो आधी जाईल. यादी झाली, आणि निवड आम्ही केलीच नाही असे मनाशी म्हणून आम्ही हात झटकले. चित्रपटाच्या शेवटी तो बाप तिघांना बांधतो, त्यांची तोंडे झाकतो, स्वतःच्या डोळ्यांवर टोपी ओढतो आणि गरगर फिरून बंदूक झाडतो. गोळी मुलाला लागते. ती टोपी आम्ही ओळखली. नियम वाईट नव्हता. दुसरा कोणताही नियम अधिक अन्यायाचा झाला असता. पण धंदा कोणाच्या कारभाराने बुडाला, हे त्या आठ दिवसांत कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही.

चिलया बाळाच्या कथेत बाळ परत येते. युरिपिडीसच्या नाटकाच्या आज उपलब्ध असलेल्या शेवटात वेदीवर मुलीच्या जागी हरिण पडलेले दिसते. तो शेवट मागाहून कोणी जोडला असावा असे कित्येक विद्वान मानतात. प्रेक्षकाला घरी जाण्यापुरता धीर हवा असतो, म्हणून कोणीतरी तो जोडला असेल. लँथिमोसच्या चित्रपटात हरिण येत नाही. लोक चिडतात ते बहुधा येथेच.

आमच्या मते त्यांचे चिडणे योग्य आहे. चूक केली वडीलधाऱ्याने, फेडले लेकराने, आणि कोणी फेडावे हे ठरविण्याचा अधिकारही चूक करणाराकडेच राहिला. याचा राग येत नसेल तर नाटक पाहून उपयोग काय? मात्र तो राग कवीवर काढून अथेन्सकरांसारखे मोकळे होऊ नये. तो घरी न्यावा, कामावर न्यावा, आणि पुढची यादी समोर आली की सही करण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा : मूळ चूक कोणाची?