पाटकऱ्याच्या हातातलं पाणी : पांझरा खोऱ्यातील फड

१८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये साक्री तालुका शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे पिंपळनेर तालुका आहे. साक्री हे तेव्हा त्यातलं एक गाव. मी पहिल्यांदा तो ग्रंथ उघडला तेव्हा हे माहीत नसल्यामुळे साक्रीच्या नावाखाली काहीच मिळेना, आणि आपल्या भागाविषयी इंग्रजांनी काही लिहूनच ठेवलेलं नाही, असा समज करून मी तो मिटलाही होता. स्वतःच्या हिमतीवर संशोधन करणाऱ्याचे असे पुष्कळ दिवस वाया जातात. पुढे पिंपळनेरच्या नोंदी वाचताना सिंचनाच्या प्रकरणात आलो आणि थबकलो.

गॅझेटियरकार म्हणतो त्याचा आशय असा : खानदेशचा पश्चिम भाग एके काळी मोठा बागायती असला पाहिजे, कारण बऱ्याशा प्रवाहांवर पक्क्या बंधाऱ्यांचे अवशेष आहेत, जी खोरी आज ओसाड आहेत तिथेही ते आढळतात. बंधारा कसा बांधत तेही त्याने टिपलं आहे. नदीच्या तळाशी उघड्या कातळात ठरावीक अंतरावर चौकोनी खळगे खोदायचे, त्यांत दगडी खांब उभे करायचे आणि त्या खांबांना पोटात घेत चुन्यातलं बांधकाम उचलायचं. सर्वांत चांगला चुना आणि बारीक दगडकाम पाण्याच्या तोंडाकडे. भिंत नदीला काटकोनात घालायचा आग्रह नाही. कातळ जिकडे नेईल तिकडे ती वळते. कुठे कुठे हे खांब जुन्या देवळांतून आणलेले होते, असंही तो सांगतो.

हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे कुठलंही जुनं दगडी काम दिसलं की 'हेमाडपंती' म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. पण देवळाचा खांब बंधाऱ्यात बसला असेल तर तो बंधारा त्या देवळाच्या पडझडीनंतरचा, हे उघड आहे. लोकांच्या तोंडी बंधाऱ्यांचं श्रेय मुसलमानी अमलाला जातं. खानदेशात फारुकींची सत्ता चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात थाळनेरला रुजली आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर संपली. सगळे बंधारे एका राजाने बांधले, असं मला वाटत नाही. एवढी कामं एका फर्मानाने होत नसतात. कुणी पैसा दिला असेल, कुणी सारा माफ केला असेल, पण कातळ ओळखणारी माणसं इथलीच असणार.

आता बंधाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट. पांझरा पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघते, धुळ्यातून जाते आणि मुडावदला तापीला मिळते. साक्रीजवळून वाहणारी कान तिला वाटेत येऊन मिळते. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला पाऊस बरा, आणि पूर्वेकडे सरकू तसा तो आटत जातो. म्हणजे पाणी एकीकडे आणि सपाट काळी जमीन दुसरीकडे. या नदीवर पिंपळनेर-सामोड्यापासून खाली न्याहळोद-बेटावदपर्यंत एकाखाली एक बंधारे आले. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेलं आणि शेतांतून झिरपून परत नदीत आलेलं पाणी खालच्याने धरायचं. बंधाऱ्याच्या एका अंगाने पाट निघतो. तो दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. पाटाला चाऱ्या, चाऱ्यांना सारंग, आणि जादा पाणी परत नदीला सोडायला सांडवे. पाटाखाली भिजणाऱ्या एकंदर जमिनीला म्हणायचं थळ, आणि थळाचे भाग म्हणजे फड. बहुतेक ठिकाणी ते चार. एकेक फड दहा हेक्टरांपासून शंभर-सव्वाशे हेक्टरांचा, काही त्याहून मोठे.

एका फडात एका हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात दुहंगामी, उरलेल्यांत खरिपाचं किंवा रब्बीचं एकेक पीक. पुढच्या वर्षी पिकं सरकायची. कुठल्या फडात काय, हे गाव बसून ठरवायचं. पाणी कमी दिसलं तर एखादा फड त्या वर्षी पाण्याविना ठेवायचा. आणि यातली खरी मेख अशी, की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. चार एकरवाल्याचा एकेक एकर चारी फडांत. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर सगळ्यांचाच एक तुकडा कोरडा राही. पाटाच्या तोंडाचा माजला आणि शेपटाचा मेला, असं होत नसे, कारण तोंडाचा आणि शेपटाचा माणूस एकच होता.

हे सांभाळायला नोकर होते. पाटकरी दारं उघडी, बंद करी. बारेकरी वाफ्यावाफ्याला पाणी देई. जागल्या पिकाची आणि पाटाची राखण करी. या सगळ्यांवर हवालदार. त्यांचा मोबदला जमिनीच्या प्रमाणात पिकातून. पाटातला गाळ काढायला प्रत्येक घराने जमिनीच्या हिशेबाने माणसं द्यायची. शेताचा मालक स्वतः पाण्याला हात लावत नसे, आणि ही गोष्ट आजच्या शेतकऱ्याला सांगितली की तो हसतो. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा आमच्या अहिराणीत सांगितलं, 'वावर आपलं, पानी पाटकरीनं.' त्याच्या सांगण्यात अभिमान नव्हता, तक्रारही नव्हती. पाटकऱ्याचं स्वतःचं शेत त्या थळात असू नये, अशी काही ठिकाणी रीत होती, हेही त्यानेच सांगितलं. भिजवणाऱ्याला भिजण्यात हितसंबंध नको. न्यायाधीशाबद्दल आपण जे म्हणतो तेच.

इथे एका मोठ्या माणसाची गोष्ट येते. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि पहिल्याच वर्षात त्यांना खानदेशात काम मिळालं. पांझरेच्या एका पाटासाठी ओलांडणीवर नळांचा सायफन घालायचा होता. ठिकाण आमच्या तालुक्यातलं दातर्ती. वय तेविशीच्या आसपास. पावसाळ्याने काम अडवलं, वरिष्ठांशी पत्रापत्री झाली, शेवटी सायफन पुरा झाला. ही हकिगत त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिली आहे. विश्वेश्वरय्या म्हटलं की लोकांना कृष्णराजसागर आणि खडकवासल्याची स्वयंचलित दारं आठवतात. दातर्तीचं नाव घेतलं की साक्रीतलेही काही जण चमकून बघतात.

पण मला त्यांच्या सायफनपेक्षा दुसरी गोष्ट खुणावते. एकोणिसावं शतक संपताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी 'ब्लॉक पद्धत' सुचवली आणि नीरा कालव्यावर ती सुरू झाली. कालव्याखाली जमीन विखरून भिजवायची नाही. ठरावीक गट आखायचे, त्यांत ऊस आणि इतर पिकं आलटून पालटून घ्यायची, पाण्याची हमी ठरलेल्या वर्षांसाठी द्यायची. उद्देश दोन : पाण्याची नासाडी टळावी आणि लाभ जास्त गावांत पसरावा. फड पाहिलेल्या माणसाला हे वाचताना ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं होतं. ब्लॉक पद्धत फडातून उचलली, असं विधान मी करणार नाही. हुशार माणसाला दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सुचू शकते. फरकही मोठा आहे. ब्लॉकमध्ये मंजुरी सरकारची आणि शेतकरी अर्जदार. फडात मंजुरी देणारा आणि घेणारा एकच घोळका. पण ज्या अभियंत्याने नोकरीची सुरुवात पांझरेच्या पाटावर केली, त्याने या पाटांखालची शेतं डोळे मिटून ओलांडली असतील, हे काही मनाला पटत नाही.

इंग्रजी राज्याने फड मोडला नाही. त्याने तो कागदावर आणला, आणि कागदाची स्वतःची एक चाल असते. जमीनमोजणीत बागायतीचे पाटस्थळ आणि मोटस्थळ असे भेद झाले, सारा त्याप्रमाणे बसला. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्याच्या चौकटीत पुढे असे जुने बंधारे 'दुय्यम वर्गाची कामं' म्हणून बसवले गेले आणि लोकांच्या हक्कांची नोंद झाली. १९७६च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यातही हा वर्ग राहिला. तोवर ठीक होतं.

खरा घाव, माझ्या मते, पाण्याच्या कायद्याने नव्हे तर जमिनीच्या कायद्याने घातला. १९४७चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा चांगल्या हेतूने आला. विखुरलेले तुकडे म्हणजे मागासलेली शेती, ते एकत्र करा, ही त्यामागची समजूत कोरडवाहू मुलखात खोटीही नाही. पण फडाखालच्या गावाचा नकाशा त्या नजरेने पाहा. चार एकरवाल्याचे चार तुकडे चार दिशांना. एकत्रीकरणाच्या अधिकाऱ्याला तो रोग दिसणार. फडाला मात्र तेच विखुरणं हवं होतं. त्याच्यावर सगळा न्याय उभा होता. चार एकर एका जागी आले की माणूस एकाच फडाचा झाला. त्याचा फड ज्या वर्षी पाण्याविना राहायचा त्या वर्षी त्याच्या घरात काहीच यायचं नाही. मग तो सभेत भांडणार, आणि भांडून मिळालं नाही तर विहीर खोदणार. वाटण्यांनी तुकडे फार बारीक झाले होते हेही खरं, आणि जिथे एकत्रीकरण नीट राबवलंच गेलं नाही तिथेही फड खिळखिळे झाले. तेव्हा सगळा दोष या एका कायद्यावर टाकत नाही. तरी फडाविषयी लिहिणाऱ्यांनी पाण्याचे कायदे तपासले आणि जमिनीच्या कायद्याकडे हवं तेवढं पाहिलं नाही, ही माझी तक्रार आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पांझरेवर वर लाटीपाडा, कानवर मालनगाव, खाली अक्कलपाडा अशी धरणं झाली. नदी आपल्या मनाने वाहायची थांबली आणि आवर्तनाने वाहू लागली. गावातल्या पाटकऱ्याच्या वर खात्याचा पाटकरी आला. विजेचे पंप आले, मग विंधनविहिरी. उसाला भाडण्याच्या पांझराकान सहकारी कारखान्याने काही काळ मोठी ओढ दिली आणि कारखाना बंद पडल्यावर ऊसही आटला. त्याच्या जागी कांदा आला. कांद्याचा स्वभाव फडाला मानवणारा नाही. कांदेवाल्याला पाणी आपल्या दिवशी हवं असतं, सभेच्या दिवशी नव्हे. वाळूउपशाने नदीचं पात्र खोल गेलं, तिथे पाटाची तोंडं उंचावर राहिली. विहीर ज्याची त्याची असते. तिला हवालदार लागत नाही.

फडाचा अभ्यास झालाच नाही असं नाही. के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी १९८७ साली शेतकरी-व्यवस्थापित सिंचनाच्या अभ्यासात त्याला जागा दिली, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १९९७च्या पारंपरिक जलव्यवस्थांवरील ग्रंथात तो देशापुढे आणला. २००५ साली महाराष्ट्राने पाणीवापर संस्थांचा कायदा केला तेव्हा लोकसहभागाचे दाखले देताना फडाचं नाव पुष्कळदा आलं. मात्र नव्या संस्थेत पाण्याचा कोटा मोजून मिळतो आणि पीक ज्याचं त्याने ठरवायचं. फडात कुणी पाणी मोजत नव्हतं. पीक बांधलेलं होतं, म्हणून मोजायची गरज पडत नसे. नाव घ्यायचं फडाचं आणि आत्मा सोडायचा, असं थोडं झालं आहे.

एक अभ्यास मात्र आमच्या मातीत खोल गेला. साक्री तालुक्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून डोकं काढून पूर्व-पश्चिम धावतात. लाव्हा भेगांत थिजून त्या झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात त्यांची संख्या शेकड्यांत आहे. पुणे विद्यापीठातले रेमंड दुराईस्वामी यांनी २००५ साली साक्री तालुक्यातल्या डाइकांवर लिहिताना, भेगाळलेला डाइक भूजलाचा साठा होऊ शकतो, हे मांडलं. काही डाइक पाणी अडवतात, काही वाहून नेतात, काही पोटात धरतात. विहीर कुठे खोदावी याचं उत्तर अशा वेळी पाणाड्याच्या नारळापेक्षा शेताच्या बांधावरच्या दगडात असतं. हे ज्ञान इंग्रजी नियतकालिकात आहे आणि विंधनविहिरीचं यंत्र गावात आहे. दोघांची गाठ क्वचितच पडते.

गाठ पडली की काय होतं ते याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, बारीपाड्यात दिसतं. तिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, लहान लहान बांध घातले, चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं; चारसूत्री भातलागवड शिकून घेतली. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्यात फड नाही. पण राखणदार आहे, सभा आहे, दंड आहे, आणि शिकवायला बाहेरून आलेल्यांचं ऐकून घेण्याची तयारी आहे. जंगलाच्या जागी पाणी घाला, की जागल्या आणि हवालदार ओळखू येतात.

गेल्या मे महिन्यात काही कॉलेजच्या मुलांना घेऊन मी एका जुन्या पाटाच्या कडेने चाललो. पहिला किलोमीटर पाट स्वच्छ दिसत होता, मग बाभळी, मग एका नव्या वसाहतीच्या कुंपणाखाली तो नाहीसा झाला. मुलांपैकी दोघांचं शेत त्याच थळात निघालं, पण फड हा शब्द त्यांना फक्त तमाशाचा म्हणून माहीत होता. परत बंधाऱ्याशी आलो. पात्र कोरडं होतं. भिंतीचा एक तुकडा वाहून गेला होता आणि तिथल्या कातळात ओळीने चौकोनी खळगे उघडे पडले होते. एका मुलीने त्यात हात घालून खोली मोजली. हात मनगटापर्यंत आत गेला. तिने विचारलं, 'हे ड्रिलने केलंय का?' मी तिला छिन्नी-हातोडा म्हणून सांगितलं. ती बराच वेळ तिथे बसून पुढचे खळगे मोजत होती.