बाळंतिणीचा तिखट रस्सा

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांत याच्या उलट रीत आहे. बाळ जन्मले की आईच मुलीच्या घरी मुक्कामाला जाते. आई नसेल तर सासू येते. या मुक्कामाला आणि त्यातल्या शुश्रूषेला 'ओमुग्वो' म्हणतात. गरम पाण्याचा शेक, बाळाला न्हाऊमाखू घालणे, हे सारे आपल्या ओळखीचेच. बाळंतिणीसाठी शिजतो तो मात्र एक तिखट, पातळ रस्सा : 'जी म्मिरी ऑकू', म्हणजे गरम पाण्यातला कंद.

कंद म्हणजे याम, आपल्या कोनफळाचा आफ्रिकी भाऊबंद. त्याच्या फोडी, सुकी मासळी, मीठ आणि भरपूर पाणी. मसाल्याला तीन जिन्नस मुख्य. 'उडा' ही सीताफळाच्या कुळातल्या एका झाडाची काळी, सुगंधी शेंग. ती ठेचून टाकतात. 'उझिझा' ही तिथली रानमिरी. तिसरी लाल मिरची. हा रस्सा फार जुना, परंपरागत, असे सगळेच म्हणतात. किती जुना, हे ठरवायला मसाल्याचाच उपयोग होतो.

उझिझाच्या दाण्याला बारीक देठ चिकटलेला असतो, अगदी आपल्या कंकोळासारखा. दोन्ही मिरीच्याच प्रजातीतल्या वेली. इग्बो मुलखाच्या पश्चिमेला बेनिनचे राज्य होते. १४८५-८६ च्या सुमारास तिथे गेलेल्या पोर्तुगिजांनी ही 'शेपटीची मिरी' लिस्बनला नेली. पण १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि मलबारची मिरी थेट समुद्रमार्गे मिळू लागली. तिचा भाव पडू नये म्हणून पोर्तुगालच्या राजाने आफ्रिकी मिरीच्या व्यापारावर बंदी घातली! युरोपच्या बाजारातून ती गेली. तिच्या स्वतःच्या मुलखात ती आजही रश्शात पडते.

आता मिरची पाहा. ती मूळची अमेरिकेतली. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतरच समुद्र ओलांडून इकडे आली. म्हणजे पोर्तुगीज बेनिनला गेले तेव्हा तिथल्या कोणत्याही रश्शात मिरची असणे शक्य नव्हते. आपल्या ठेच्याचीही तीच गोष्ट. विद्यार्थ्यांना घरच्या 'पारंपरिक' पदार्थांतून मिरची, बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणे वगळून पाहायला सांगावे. चांगला तास रंगतो.

नवखी मिरची जुन्या मिरीशेजारी इतकी सहज कशी रुळली? या दोन वनस्पतींचे एकमेकींशी काही नाते नाही. मात्र मिरचीतले कॅप्सेसिन आणि मिरीतले पायपरिन आपल्या चेतातंतूंवरच्या एकाच ग्राहीला चाळवतात. भाजणारी उष्णताही तीच ग्राही जाणते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती ओळखली. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा आहे. तिखट खाल्ल्यावर 'आग झाली' म्हणतो ते चेतातंतूंच्या दृष्टीने अगदी खरे असते.

उडाने गर्भाशयातले साचलेले रक्त निघून जाते, दूध वाढते, असा समज आहे. रश्शातून पाणी, मीठ, पिष्टमय पदार्थ आणि माशाची प्रथिने मिळतात. दमलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला ती हवीच असतात. पण गर्भाशय आकुंचन पावते ते मुख्यतः ऑक्सिटोसिनमुळे, आणि बाळाला पाजले की ते स्रवते. अतिरक्तस्राव सुरू झाला तर कोणताही रस्सा तो थांबवू शकत नाही, आणि ओमुग्वोला आलेल्या आजीला हे ठाऊक असणे फार मोलाचे आहे. नायजेरियासह आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली पिशवी लावली आणि रक्त ठरावीक रेघेपर्यंत येताच गर्भाशय चोळणे, औषधे व सलाईन हे सगळे उपचार एकदमच सुरू केले. गंभीर रक्तस्रावाचे व त्यातून ओढवणाऱ्या अनर्थांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. नुसत्या नजरेने अंदाज केला, तर गेलेले रक्त बहुधा कमीच वाटते.