निळ्या दगडाचे नाव

रत्नागिरीच्या माणसाला परगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमच्याकडे रत्ने सापडतात का हो? मी सांगतो, आमच्याकडे दोनच रत्ने, आंबा आणि जांभा. घराच्या भिंती, विहिरीचा कठडा, परड्याचा गडगा, सगळीकडे जांभ्याचे तांबडे चिरे. पण हा जांभा मूळचा तांबडा नव्हे. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर युगानुयुगे पाऊस पडला, बरेच काही वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. त्याचा जांभा झाला. मी बी.ए. झालेला कवी, खनिजे हा माझा विषय नाही. मात्र एखाद्या वस्तूला तिचे नाव कसे मिळते, याचे मला कुतूहल आहे.

त्या काळ्या दगडाच्या पोटात खरोखरीची रत्ने आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला. थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि भिंतींवर स्फटिक धरले. जागत्या ज्वालामुखीच्या तोंडाशी हेच काम वाफ करते. एल साल्वादोरमधील इसाल्को ज्वालामुखीच्या वाफेच्या मुखांशी व्हॅनेडियम या धातूची दुर्मीळ खनिजे सापडली. त्यांतल्या एकाला १९७९ साली स्टॉयबेराइट हे नाव मिळाले. आपले ज्वालामुखी केव्हाच विझले. पण व्हॅनेडियमचे एक देखणे खनिज आपल्या पुण्याजवळही आहे.

वाघोलीला खडीच्या खाणी आहेत. १९८८ च्या सुमारास तिथल्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांवर बसलेली गर्द निळी फुले दिसू लागली. निळा रंग पाहिला की आपल्याला मोरचूद आठवते, म्हणजे तांबे. इथे मात्र तो रंग व्हॅनेडियमचा होता. खनिजाचे नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जुळवून ते केलेले आहे. अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये ते आधी सापडले होते आणि १९७३ साली स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे यांनी त्याचे रीतसर वर्णन केले. पण उत्तम नमुने निघाले ते वाघोलीत. जगभरच्या संग्रहांत ते आज मानाने ठेवलेले आहेत.

ओळख पटवण्याची रीत मोठी चिकाटीची. रंगावर विसंबायचे नाही. आधी घटक कोणते ते तपासायचे. मग स्फटिकातून क्ष-किरण सोडायचे. ते कसे विखुरतात त्यावरून आतली रचना कळते. कारण घटक कळले तरी काम संपत नाही. पेंटॅगोनाइट नावाचे दुसरे निळे खनिज ऑरेगॉनमध्येही मिळाले आणि वाघोलीतही. दोघांचे घटक एकच, प्रमाणही एकच. फक्त अणूंची मांडणी वेगळी. म्हणून नाव वेगळे.

घाईने ओळख ठरवली तर काय होते, हे खुद्द व्हॅनेडियमने भोगले आहे. मेक्सिकोत १८०१ साली आंद्रेस मानुएल देल रिओ यांना एका शिशाच्या खनिजात हा नवा धातू आढळला. पॅरिसच्या एका रसायनज्ञाने १८०५ साली निर्वाळा दिला, हे तर नुसते क्रोमियम! देल रिओंनी आपला दावा सोडून दिला. १८३० साली स्वीडनमध्ये सेफस्ट्रोम यांना तो पुन्हा गवसला आणि त्यांनी व्हॅनाडिस या देवीवरून त्याचे नाव ठेवले. पुढच्याच वर्षी व्योलर यांनी सिद्ध केले, की देल रिओंना सापडलेला धातू हाच. देल रिओ तेव्हा हयात होते. पण नाव दुसऱ्याने ठेवलेलेच चालू राहिले.

हे वाचताना मला वाघोलीचे खाणकामगार आठवतात. सुरुंग उडाल्यावर तो निळा रंग पहिल्यांदा पाहिला तो त्यांनी. नाव कळण्याआधी किती निळी फुले खडीबरोबर फुटून रस्त्यांखाली गेली असतील, याची मोजदाद कुठल्याही वहीत नाही. नाव उशिरा कळले, की नुकसान होते ते असे.

थोडा अनुभव माझाही आहे. प्रवासात माझे नाव ऐकले, की समोरचे गृहस्थ लगेच हिंदीत बोलू लागतात. मी मराठीतच उत्तर देतो. ते जरा चपापतात, मग हसतात, आणि विचारतात, ‘गाव कुठलं तुमचं?’

मी म्हणतो, रत्नागिरी. पुढचा प्रश्न मला ठाऊक असतो.